पहाटेचे पळणे आणि बाहेरून लावलेली कडी

एकट्याने मूल वाढवणारे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पण हमखास विचारतात: दिवसातला एखादा तास स्वतःसाठी काढला, तर तो मुलाच्या वाट्याचा ओढून घेतल्यासारखे होते का? बायका हे लवकर बोलून दाखवतात. पुरुषांना तो प्रश्न ओठांवर आणायला फार वेळ लागतो, आणि म्हणूनच एका वडिलांविषयी लिहावेसे वाटले. त्यांची व त्यांच्या मुलीची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ खानापूर तालुक्यातल्या एका गावचे, सतरा वर्षे पलटणीत काढून निवृत्त झालेले आणि आता बेळगावात एका बँकेत सुरक्षारक्षक म्हणून नोकरीला असलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी आजारपणात गेली. दहा वर्षांची मुलगी आणि ते, असे दोघेच अनगोळ भागात भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. आईवडील गावी असून शेत आणि जनावरे टाकून त्यांना कायमचे येता येत नाही. आपल्या भागात पळणे ही शहरी हौस कधीच नव्हती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणारी पोरे इथल्या गावागावाने पाहिली आहेत, आणि हे गृहस्थही अठराव्या वर्षी त्याच पोरांपैकी एक होते. पत्नी गेल्यानंतर त्यांनी तीच सवय पुन्हा धरली. साडेचारला निघायचे, दीड तास पळायचे, सहाला परतून मुलीचा डबा करायचा, असे आठवड्यातले सहा दिवस चाले. मुलगी झोपलेली असे आणि दाराला बाहेरून कडी असे.

पावसाळ्यातल्या एका पहाटे वीज गेली, मुलगी जागी झाली आणि दार उघडेना म्हणून ओरडत राहिली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी वर येऊन कडी काढली. गल्लीत बोलणे झाले, पोरीला कोंडून कसले पळणे म्हणून, आणि त्या दिवसापासून त्यांनी बूट माळ्यावर टाकले. त्यानंतर सहा आठवड्यांनी शाळेतल्या बाईंनी त्यांना माझ्याकडे पाठवले, कारण गृहपाठाच्या एका चुकीवरून ते शाळेच्या आवारातच मुलीवर इतके ओरडले होते की बाकीचे पालक थबकून पाहत राहिले.

समोर ताठ बसून ते म्हणाले, “पळणं सोडल्यापासून रात्रभर जागाच राहायलोय, मॅडम. डोकं आवरत नाही. आता पळू की नको, तेवढं सांगा.”

इथे माझी चूक झाली. त्यांनी ज्या शब्दांत प्रश्न मांडला, त्याच शब्दांत मी तो उचलला आणि दोन बैठका वेळापत्रक बसवण्यात घालवल्या. कामावरून आल्यावर संध्याकाळी पळायचे आणि मुलीने शेजारून सायकल चालवायची, असा मार्ग मी सुचवला, जो कागदावर चांगला दिसत होता. प्रत्यक्षात दिवसभर उभे राहून त्यांचे पाय भरून आलेले असत, रस्त्याला वाहनांची गर्दी असे, मुलीला सायकलची आवड नव्हती आणि तिचा अभ्यास रात्री उशिरापर्यंत लांबू लागला. ज्या व्यक्तीसाठी ही सगळी रचना चालली होती, तिला मी काही विचारलेच नव्हते.

तिसऱ्या वेळी मुलीला बोलावले आणि वडील बाहेरच्या बाकावर बसले. अंधाराची भीती वाटली का, असे विचारल्यावर तिने मान हलवून नाही म्हटले. थोड्या वेळाने तिने सांगितले की आईला ज्या रात्री दवाखान्यात नेले, त्या रात्री ती झोपलेली होती. सकाळी उठली तेव्हा घरात आईबाबा नव्हते, स्वयंपाकघरात शेजारच्या काकू चहा करत होत्या, आणि आई त्यानंतर घरी आलीच नाही. मग ती म्हणाली, “बाबा पळायला गेले तर जाऊ देत. पण मला उठवून, सांगून जाऊ देत.”

या वयाच्या मुलांना मृत्यू कायमचा असतो हे कळलेले असते, आणि ते कळल्यामुळेच उरलेल्या पालकाविषयीची धास्ती वाढते. जाणाऱ्याने झोपमोड नको म्हणून न सांगता निघावे यात मायाच असते, पण जिची आई अशीच न सांगता गेली, त्या मुलीला दर पहाटे तीच रात्र परत भेटत होती. मुलीचे हे बोलणे तिच्या परवानगीने वडिलांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले की त्या रात्री मुलीला उठवू नका असे त्यांनीच शेजाऱ्यांना सांगितले होते.

त्यानंतर आमचे बोलणे खऱ्या अर्थाने सुरू झाले. साडेचारला निघण्याचे कारण शिस्त हे नव्हतेच. साडेतीनलाच डोळे उघडत आणि त्या अंधारात अंथरुणावर पडून राहणे सहन होत नसे. पहाटे फार लवकर जाग येणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे आणि चिडचिड ही लक्षणे एकत्र दिसली की नैराश्याचा विचार करावाच लागतो. मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारणारी एक प्रश्नावली असते. ती आम्ही एकत्र भरली. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही मी स्पष्ट शब्दांत विचारले, कारण तसे विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. तसा विचार नव्हता. परंतु सत्तावीसपैकी आलेले गुण मध्यम नैराश्याकडे बोट दाखवणारे होते आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक होते. शब्द ऐकूनच ते आक्रसले. माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेतून हे उपचार मिळतात, तो त्यांचा हक्क आहे आणि पाठीच्या दुखण्यासाठी ते जसे तिथे जातात तसेच यासाठीही जायचे आहे, हे मी दोन आठवडे सांगत राहिले. अखेर ते गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि औषध सुरू झाले. ज्यांना अशी सोय नाही, त्यांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतूनही बोलता येते.

पळण्याने मन सावरते हे खरे आहे, आणि ते मी त्यांना कधीच नाकारले नाही. ॲमस्टरडॅममध्ये नैराश्य व चिंताविकाराच्या १४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा आठवडे काहींनी गोळ्या घेतल्या, तर काही जण आठवड्यातून दोनतीनदा गटाने पळाले, आणि दोन्ही गटांत सुमारे ४४ टक्के लोकांचा आजार ओसरला. मात्र ठरल्याप्रमाणे उपचार पाळणाऱ्यांचे प्रमाण गोळ्यांच्या गटात ८२ टक्के होते आणि पळणाऱ्यांत ५२ टक्के. खचलेल्या माणसाला रोज बूट घालून उभे राहणे किती जड जाते, हे यावरून दिसते. एकट्या पालकाच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते: मुलाला ताप आला, परीक्षा आली, संततधार लागली की पळणे थांबते, आणि सगळा तोल त्या एकाच खांबावर असेल तर घरही डळमळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम पुरतो. हे गृहस्थ ५४० मिनिटे पळत होते.

ते आता आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी पस्तीस मिनिटे, सकाळी साडेपाचनंतर पळतात. बाहेरची कडी पूर्ण बंद झाली. त्याबाबतीत मी कोणतीच तडजोड केली नाही, कारण गॅस गळला किंवा आग लागली तर कोंडलेल्या मुलाला बाहेर पडता येत नाही. घरमालकीणबाई कन्नड बोलणाऱ्या, पहाटे पाचला सडा-रांगोळी करणाऱ्या. त्यांच्याकडे मदत मागायची या कल्पनेनेच वडिलांना ओशाळल्यासारखे होत होते, आणि मला वाटते की त्यांच्या बाबतीत सर्वांत अवघड काम हेच होते, औषध घेण्यापेक्षाही. शेवटी मुलीनेच शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये त्यांना, म्हणजे तिच्या अज्जींना (कन्नडमध्ये आजी), विचारले. अज्जी म्हणाल्या की पोरगी खाली येऊन बसली तर त्यांनाही सोबत होते. शुक्रवारी रात्री गावाहून आजी येतात आणि रविवारी परततात. कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाल्यापासून तिकिटाचा विचार करावा लागत नाही, आणि एका घराच्या मनःस्वास्थ्यासाठी ही गोष्ट मी लहान मानत नाही.

सगळे सुरळीत झालेले नाही. पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात पुन्हा साडेतीनची जाग सुरू झाली आणि डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली. मुलीवर आवाज चढतो, पण आता ते त्याच संध्याकाळी तिच्याजवळ बसून चुकलो असे म्हणतात. पूर्वी ते त्यांना जमत नसे.

निघताना ते मुलीला हाक मारून उठवतात, कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता येणार ते सांगतात. ती ते एका वहीत लिहून वही घेऊन खाली अज्जींकडे जाते. गेल्या बैठकीला तिने ती वही मला दाखवायला आणली होती. एका दिवसापुढे काँग्रेस रोड आणि सहा वाजून पाच मिनिटे असे लिहिलेले होते. त्या दिवशी परतताना दुसऱ्या रेल्वे गेटाचे फाटक पडलेले होते आणि वडिलांनी तिथूनच अज्जींच्या फोनवर तसे कळवले होते. खाली तिने वेगळ्या शाईने नोंद केली होती: “गाडी होती. सात मिनिटे उशीर. आले.”