आधी ओळ बिघडवून बघ

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दुपारची झोप गेली. तू लिहितेस, अनुप्रास सापडतो, यमक सापडतं, मात्रा मोजता येतात, मार्कही मिळतात. पण त्यातून अर्थ कसा होतो ते कळत नाही. अर्थ शब्दांत असतो, मग नादाचं सगळं आपणच मागाहून चिकटवतो का?

प्रश्न चांगला आहे. त्याखाली नोट्समधला जो तक्ता उतरवून पाठवलास (म, ल, न कोमल, ट, ठ, ड कठोर) तो पाहून मात्र माझं डोकं फिरलं. माया 'म'नं सुरू होते, मरणही 'म'नंच. 'कोवळ्या'त ळ आहे आणि 'गळफासा'तही आहे. ध्वनीच्या कपाळावर अर्थ लिहिलेला नसतो. ओळीत जे चाललेलं असतं त्याच्या बाजूनं तो उभा राहतो, नाहीतर आडवा येतो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं माधुर्य या काव्यगुणात टवर्ग (ट, ठ, ड, ढ) वर्ज्य सांगितला, हे मलाही ठाऊक आहे. आणि आपल्या गावच्या राजकवीनं, तांब्यांनी, ऐन मधाच्या कवितेत काय केलं ते बघ:

मधु मागसि माझ्या सख्या, परी
मधुघटचि रिकामे पडति घरी

तुझ्या नोट्समध्ये इथे काय लिहिलंय ते न बघता सांगतो: 'म'चा अनुप्रास, परी-घरी यमक. बरोबर आहे, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. नाव घेण्याआधी ओळ बिघडवून बघ. दुसरी ओळ मी अशी करतो: 'मधुपात्रे सारी रिती घरी'. मोज: लघू (ऱ्हस्व) अक्षराची एक मात्रा, गुरू (दीर्घ) अक्षराच्या दोन. मूळ ओळीत सोळा मात्रा आहेत, माझ्या ओळीतही सोळाच. यमक तेच, आशयही जवळजवळ तोच. आता दोन्ही मोठ्यानं म्हण. मनात नव्हे, मोठ्यानं.

माझी ओळ शांतपणे बसून राहते. पात्रे, सारी: गुरूमागून गुरू, पाय पसरून बसलेले. तांब्यांच्या ओळीत म-धु-घ-ट-चि-रि असे सहा लघू लागोपाठ येतात, त्यानंतर 'कामे' हे दोन गुरू आणि पुन्हा प-ड-ति-घ हे चार लघू. पहिल्या ओळीत मागणं लाडानं रेंगाळतं, मा, मा, झ्या, ख्या असं. आणि उत्तर द्यायची वेळ आली की आवाज खडखडतो. पहिल्या ओळीत अकरा अक्षरं, दुसरीत तेरा, मात्रा तेवढ्याच. अक्षरं दाटीनं येतात आणि घडे मात्र रिकामे. 'ट' आणि 'ड' तिथे कठोर म्हणून आलेले नाहीत. पहिल्या ओळीत त्यांचा मागमूस नव्हता, म्हणून दुसरीत ते आपटतात.

आणि ते 'परी'. 'पण' हा शब्द ओळीच्या टोकाला लोंबकळत ठेवलाय. मागणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो आणि यमक त्याला थेट 'घरी' नेऊन सोडतं, जिथे काही नाही. 'परी' उचलून दुसऱ्या ओळीच्या आरंभी नेऊन बघ. अर्थ तसूभर बदलणार नाही, असं तुला वाटेल. म्हणून बघ आणि मग मला कळव.

'सख्या'पाशी अडखळली असशील. नियमानं जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, मग सोळाच्या सतरा मात्रा होतात. पण 'सख्या' म्हणताना 'स'वर आघात पडतो का? नाही पडत, म्हणून तो लघूच. कागद एक सांगतो आणि कान दुसरं, आणि कवी कानाचं ऐकतो. 'चंद्र' आणि 'चांदणं' यांतही कागदावर च एकच दिसतो. तोंडात दोन आहेत. शाळेत हिंदीच्या तासाला 'चारुचंद्र की चंचल किरणें' घोकलेल्या आपल्या इथल्या पोरांना हा फरक लवकर ऐकू येत नाही, कारण तिथे च एकाच जातीचा. हा आपल्या गावाचा शाप आहे, आणि थोडा फायदाही: दोन भाषांचे कान असलेल्या माणसाला फरक शिकवता येतो.

वृत्तांचंही तेच. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण, लघु-गुरु-गुरु चार वेळा, एवढं तुला येतं. पुढे तुमच्या नोट्स त्याचा 'स्वभाव' सांगतात. कसला स्वभाव? 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' यात रामदास मनाला हाताला धरून चालवतात, एक आखूड पाऊल, दोन ठाम. आणि 'सदा सर्वदा योग तूझा घडावा' हेही भुजंगप्रयातच, पण इथे याचना आहे. बोलताना आपण 'तुझा' म्हणतो. वृत्ताला तिथे गुरू हवा म्हणून 'तूझा' झालं. वर्गात याला वृत्तासाठी केलेली ओढाताण म्हणतात. मग पुढची ओळ बघ, 'तुझे कारणी देह माझा पडावा': तिथे तोच 'तु' ऱ्हस्व. देवाची भेट मागताना स्वर लांबला, देह टाकायची भाषा आली तेव्हा आखडला. वृत्ताच्या सक्तीनं झालं असेल, असू दे. सक्तीतून आलेलं ऐकू येत नाही असं कोणी सांगितलं? 'तूझा'चं 'तुझा' करून म्हण. ओळ लंगडते, आणि तिच्याबरोबर मागणंही.

मी हे का इतकं ताणतोय, तेही सांगतो. ज्या शाळेत मी शिकवलं तिथे माझ्या तासाला 'गोंधळ चालतो' अशी तक्रार होती. मुलं ओळी मोडायची, जोडायची, ओरडून म्हणायची. अलंकारांची यादी फळ्यावर लिहून द्या, असं मला वरून सांगण्यात आलं. मी दिली नाही. बढती माझ्यावरून पुढे गेली. तेव्हा वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पेन्शनचा हिशेब करताना जरा जास्तच वाटतं. पण त्या मुलांना आज भेटलं तर तुकारामांच्या 'सुंदर ते ध्यान' या अभंगात 'कर कटावरी'नंतर 'ठेवूनिया' येताना आवाज का थांबतो ते ती सांगतात. सहा, सहा, सहा आणि मग चारच अक्षरं, तीही अपुऱ्या क्रियापदाची. 'ठेवून'... पुढे काय? पुढे काही नाही, म्हणून गाणारा पुन्हा 'सुंदर ते ध्यान'वर येतो. आता 'ठेवूनिया'च्या जागी सहा अक्षरांचं 'ठेवूनिया उभा' घालून बघ. वाक्य पुरं झालं, आणि परत फिरायचं कारणच गेलं.

दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे. तरुणपणी मी स्वतः वृत्तात खूप लिहिलं. गण चुकायचे नाहीत, यती (ओळीतले थांबे) जागच्या जागी. त्या वह्या अजून कपाटात आहेत. त्यातली कुठलीही ओळ बिघडवली तरी काहीच बिघडत नाही. वाईट कवितेची याहून खात्रीची खूण मला ठाऊक नाही, आणि हे मला कोणत्याही ग्रंथानं सांगितलं नव्हतं.

परीक्षेचं म्हणशील, तर नावं लिही. अनुप्रास, यमक, श्लेष, जे मागतील ते लिही. त्यात तत्त्वाचा प्रश्न आणू नकोस. फक्त प्रत्येक नावाखाली स्वतःची एक बिघडवलेली ओळ लिही आणि काय गेलं ते दोन वाक्यांत सांग. परीक्षकाला वेळ नसेल तर तो सोडून देईल. ते नावासाठी मार्क देतातच.

आणि नादावर पानभर लिहिण्याआधी अर्थ नीट लाव. 'पडति' म्हणजे इथे पडून राहतात की कोसळतात, हे तू ठरवलेलं नाहीस आणि 'ड'वर परिच्छेद लिहिलायस. अशानं मला राग येतो.

रविवारी ये. पुस्तक आणू नकोस, कविता पाठ करून ये, आणि तिच्या किमान चार ओळी बिघडवून आण. चांगल्या बिघडव, मात्रा सांभाळून. ढोबळ मोडतोड कोणीही करतो. तुमच्या सरांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. तक्त्याबद्दल मी जे लिहिलंय ते त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

तुझा,
काका