लैंगिक गुन्हेगारांची यादी पालकांना पाहता येते का?

प्रश्न : आमच्या शाळेच्या बसवर नवा मदतनीस आला आहे. अमेरिकेत गुन्हेगारांची यादी कुणालाही पाहता येते म्हणे. आपल्याकडे अशी नोंद कुठे तपासायची? – एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार माहितीकोश सप्टेंबर २०१८ पासून आहे. तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो आणि फक्त पोलीस व तपास यंत्रणांसाठी खुला असतो. तुम्हाला किंवा मुख्याध्यापकांना त्यात नाव शोधता येणार नाही.

 

तुमचा खरा आधार पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) नियम, २०२० हा आहे. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी करणे संस्थेवर बंधनकारक आहे, आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा. शाळेला लेखी पत्र द्या, पोहोच घ्या. चारित्र्य पडताळणी झाली का, कोणत्या तारखेला आणि कोणत्या पत्त्यावर, हे विचारा. घोळ बहुधा पत्त्यातच होतो : फक्त सध्याचा पत्ता दिला की आधीच्या जिल्ह्यातली नोंद निसटू शकते. म्हणून मागचे सगळे पत्ते अर्जात हवेत. ‘ठेकेदाराने पाहिलंय’ हे उत्तर मुळीच मान्य करू नका.

दाखला स्वच्छ असला तरी बसमध्ये लक्ष ठेवावेच लागते, कारण ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही तो कोणत्याच नोंदीत सापडत नाही. मुलाने काही सांगितले तर शाळेच्या चौकशीची वाट न पाहता पोलिसांना किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा.