शुझेंजीतलं 'जी' सोडा, 'झेन' बघा

जपानला जाऊन आलेल्या एकांनी विचारलंय की इझूमधल्या शुझेंजी या गरम झऱ्यांच्या गावाच्या नावातलं 'जी' आदरार्थी आहे का आणि 'शुझेंजी टेंपल' म्हणणं बरोबर का.

आदरार्थी अजिबात नाही. जी म्हणजे बौद्ध देऊळ, किंकाकुजी, तोदाइजी सगळीकडे तेच. म्हणजे 'शुझेंजी टेंपल' ही द्विरुक्ती झाली, पण गावाचंही नाव तेच असल्यामुळे चालवून घ्या.

मला खरा वैताग येतो तो मधल्या 'झेन'चा. अगरबत्तीपासून स्पाच्या पाटीपर्यंत सगळीकडे झेन म्हणजे शांतता, आणि शब्द म्हणे अस्सल जपानी! अहो तो आपल्या ध्यानातून गेलाय. पण 'ध्यानचा अपभ्रंश झेन' असं एका दमात सांगणारे संस्कृतवालेही मला पटत नाहीत, कारण मधली प्राकृताची पायरी ते गाळतात. पालीत तो शब्द झान आहे. चिनी भिक्षूंच्या कानावर हाच झ पडला असणार, ध्य नव्हे, त्यांनी तो दोन अक्षरांत लिहून घेतला, मग शेवटचा ना गळून चान झालं आणि जपानात झेन. आणि हा ध्य चा झ आपल्या घरातच आहे की! संध्येची संझा, मग सांज. वंध्येची वांझ. मध्य, मज्झ आणि त्यातून माजघर. आजी 'माजघरात दिवा लाव, सांज झाली' म्हणायची त्या एका वाक्यात हा नियम दोनदा येतो. याला अपभ्रंश म्हणून नाक मुरडणं मला सहनच होत नाही. झेनचं मूळ जैन म्हणणारे तर सरळ चूक आहेत.

आता गंमत बघा, देवळाच्या नावात हे ध्यानवालं झेन लिहितात आणि गावाच्या नावात उच्चार तोच पण चिनी अक्षर वेगळं, अर्थ 'चांगलं, कुशल'. देऊळ ८०७ साली कूकाई या जपानी भिक्षूंनी स्थापलं असं मानतात, ते शिंगोन या बौद्ध पंथाचे, झेन पंथ तिथे नंतर आला. नदीच्या गार पाण्यात आजारी बापाला धुणारा मुलगा बघून कूकाईंनी खडकावर तोक्को मारला आणि गरम पाणी उसळलं अशी आख्यायिका आहे, तो झरा अजून पात्रातच आहे, तोक्को-नो-यु. तोक्को म्हणजे एकाच अणीचं वज्र. वज्र आणि गरम पाणी म्हटल्यावर आपल्याला वज्रेश्वरी आठवणारच, पण त्या दोन्हींचा संबंध नाही, तो जोडू नका.