वेर्दिक्किओ पहिल्यांदा घेताय? मग हे वाचा

इटालियन व्हाइट वाइन म्हणजे फक्त पिनो ग्रिजिओ असं धरून बसू नका, तिथल्याच मार्के प्रांतातली वेर्दिक्किओ (द्राक्षाचं आणि वाइनचं नाव एकच) एकदा घ्याच. लेबलवर येसी असेल तर ती एड्रियाटिक समुद्राकडच्या टेकड्यांवरची, आणि मातेलिका म्हणजे आत डोंगरातली, तिकडे रात्री गार असतात म्हणून आंबटपणा जास्त टोकदार, मला स्वतःला तीच आवडते. शेवटी कडू बदामासारखी चव येते, बाटली खराब निघाली असं समजू नका हं, ती या द्राक्षाची ओळखच आहे! एकदम बर्फगार पिऊ नका, वासच येत नाही मग. तळलेल्या मासळीबरोबर तर भारीच लागते. बजेट असेल तर रिझर्वा घ्या, किमान 18 महिने मुरवलेली असते आणि चांगली बाटली 10 वर्षंही आरामात टिकते.