टाचदुखी आणि सकाळचे पहिले पाऊल

प्रश्न : सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत तीव्र कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले. शस्त्रक्रिया करावी लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. वाढलेले हाड न दुखणाऱ्या टाचांतही आढळते, त्यामुळे त्याला उगाच दोषी धरले जाते. तुमचे वर्णन तळपायाच्या कमानीला आधार देणाऱ्या जाड पट्ट्याच्या दुखण्याचे, म्हणजे प्लांटर फॅसायटिसचे, वाटते. रात्रभर आखडलेला हा पट्टा पहिल्या पावलासरशी एकदम ताणला जातो. म्हणून अंथरुणातच पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरावीत, असे १० वेळा करावे, पोटरीलाही ताण द्यावा आणि घरातही कमानीला आधार देणारी पादत्राणे वापरावीत. आराम पडायला बहुतेकांना काही महिने लागतात. मात्र बधिरपणा, सूज किंवा मधुमेह असल्यास तपासणी लांबवू नये.