कलावंताच्या घरात वाढल्याचा रंगभूमीवर खरंच फायदा होतो का?

होतो, पण लोक समजतात तसा नाही. तुम्ही लिहिलंय की वडील भजनात पखवाज वाजवतात, तुम्हाला नाटकात जायचंय आणि मित्र म्हणतात, तुझ्या तर रक्तातच आहे. मी कुडाळकडचा, दशावतारी घरातला; दशावतार म्हणजे आमच्या कोकणातलं, जत्रांत रात्रभर चालणारं लोकनाट्य. बाबा स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करायचे, मी राजा करतो. रक्ताबिक्तावर माझा विश्वास नाही. घरातून मिळतो तो कान.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात, म्हणजे रंग लावायच्या जागी, आख्यान (त्या रात्रीची गोष्ट) सांगितलं जातं: कोणामागून कोण येणार, युद्ध कुठे, विलाप कुठे. एवढंच ठरतं. बाकी संवाद रात्रभर उभ्या उभ्या रचायचे. समोरच्याने शब्द टाकला की झेलायचा आणि बोलत बोलत अशा जागी आणून सोडायचा, की पायपेटीवाल्याने (पायाने भाता मारायची हार्मोनियम वाजवणाऱ्याने) पदाचा, म्हणजे गाण्याचा, सूर धरलाच पाहिजे. हे सगळं मी नाटकाच्या सामानाच्या पेटाऱ्याला टेकून, अर्धवट झोपेत ऐकत मोठा झालो. बाबा पेटाऱ्यावर आरसा उभा करून स्वतःच रंग लावायचे, लुगडं नेसायचे. चोळीची गाठ बसली की त्यांचा आवाज बदलायचा, मग मला पाणी मागायचं तरी त्याच आवाजात. पात्रात शिरणं म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही.

धंद्याचा हिशेबही घरातच कळतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की बाबा घरी फक्त झोपायला. सकाळी खोबरेल तेलाने रंग पुसला तरी कानामागे पांढरं राहायचंच. पैसे नाईटवर, म्हणजे प्रयोगामागे, पावसाळ्यात नाटक बंद, मग भातशेती. मी नाटक कंपनीत जातो म्हटल्यावर आईने अडवलं नाही, एवढंच म्हणाली, "नाटाक कर, पण शेती सोडू नको." बाहेरून आलेल्या पोराला हे उमगेपर्यंत दोन-तीन हंगाम जातात, आणि कितीतरी गुणी पोरं तेवढ्यातच परत फिरतात. याचं मला फार वाईट वाटतं.

जागा मात्र वारशाने मिळत नाही. मलाही आधी दूत, ऋषिकुमार असलीच कामं मिळाली, आणि देवळासमोर बसलेले म्हातारे प्रत्येक वाक्याला बाबांशी ताडून बघायचे. नेरूरच्या कलिंगण या दशावतारी घराण्यात बाबी, सुधीर आणि आता सिद्धेश अशी तिसरी पिढी उभी आहे. पण सुधीर कलिंगण 'लोकराजा' झाले ते स्वतःच्या कामावर. वडिलांच्या नावावर पहिली एंट्री मिळते, दुसऱ्या एंट्रीला प्रेक्षक तुमच्याकडेच बघतो.

तुमच्या घरात पखवाज आहे, तो वापरा. रोज थोडा वेळ तुम्ही संवाद म्हणा आणि वडिलांना साथ करायला सांगा. कुठे थांबायचं, कुठे चढायचं, हे त्यांचा हात दाखवेल. पुढे रीतसर शिकावंसं वाटलं तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. पण त्याआधी एक हंगाम एखाद्या कंपनीबरोबर फिरा, पेटारे उचलायचं काम मिळालं तरी चालेल.