१६२८ च्या इंग्लंडच्या संसदेत कोण लोक बसायचे? सहावीतल्या मुलाला कसं सांगू?

त्याला सांगा, राजा पहिला चार्ल्स याने बोलावलेल्या या संसदेची दोन सभागृहं होती: एकात सरदार आणि बिशप, दुसऱ्यात म्हणजे कॉमन्समध्ये निवडून आलेले जमीनदार, वकील आणि व्यापारी. कॉमन्समध्ये बहुतेक इंग्लिश परगण्यांचे आणि शहरांचे दोन-दोन सदस्य असत. ओल्ड सेरम नावाच्या टेकडीवर जवळपास कुणीच राहत नव्हतं, तरी तिचेही दोन!

नावं दोनच सांगा. पंचाहत्तरी ओलांडलेले कायदेपंडित एडवर्ड कोक, आणि पहिल्यांदाच निवडून आलेला ऑलिव्हर क्रॉमवेल. संसदेला न विचारता कर घ्यायचा नाही, कारण न सांगता कुणाला तुरुंगात टाकायचं नाही, असा अर्ज याच सदस्यांनी राजाकडून मान्य करून घेतला.

मुलांना सगळ्यात आवडेल तो २ मार्च १६२९ चा प्रसंग. राजाच्या हुकमावरून सभापती जॉन फिंच बैठक उठवायला निघाले, तर डेंझिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाईन या सदस्यांनी त्यांना खुर्चीत दाबून धरलं. दाराला आतून कुलूप, बाहेर राजाचा माणूस दार ठोठावतोय, आणि आत ठराव मंजूर होतायत! त्यानंतर राजाने अकरा वर्षं संसदच बोलावली नाही.

फक्त यांना ‘जनतेने निवडलेले’ म्हणताना जपून. परगण्यात वर्षाला किमान ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल त्यालाच मत होतं, आणि सभागृहात एकही स्त्री नव्हती.